अंबाबाईच्या दारात, पास घेऊन : कोल्हापूर, ऑक्टोबर २०२१

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

यंदा कोल्हापूरचा मुहूर्त लसीच्या सर्टिफिकेटवरून काढला. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर, त्यावर आणखी चौदा दिवस, तेव्हा कुठे माणूस सरकारदरबारी ‘पूर्ण’ होतो. आईचं आणि माझं लवकर उरकलं होतं, हिचं अडलं होतं. हिचे चौदा दिवस भरायला आणि घटस्थापनेपासून राज्यातली देवळं उघडणार अशी बातमी यायला एकच गाठ पडली. आईनं त्याच संध्याकाळी कपाटातून इरकल बाहेर काढून उन्हात टाकायला सांगितली. उन्हं कधीच उतरली होती, पण ते ऐकून घ्यायला ती जाग्यावर नव्हती.

देवळं मार्च २०२० मध्ये बंद झाली. मग १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडली. एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’च्या निर्बंधांत पुन्हा बंद झाली आणि आता ७ ऑक्टोबरला परत उघडली. म्हणजे गेल्या वर्षीचं नवरात्र भाविकांविना गेलं आणि जोतिबाची चैत्र यात्रा तर लागोपाठ दोन वर्षं झाली नाही. कोल्हापूरकरांना यात्रेचं हे वर्ष-दोन वर्षांचं खंडणं किती लागलंय, ते तिथं गेल्याशिवाय कळत नाही.

महालक्ष्मी एक्सप्रेस कल्याणला पकडली. गाड्या अजून ‘स्पेशल’ आहेत, म्हणून नंबराच्या आधी शून्य. जनरल डबा नाही, सगळं आरक्षण. एसीच्या डब्यात पडदे काढून टाकलेत आणि चादर-उशी-ब्लँकेट काही मिळत नाही. त्यामुळे आम्ही घरातल्या दोन सोलापुरी चादरी घेऊन निघालो होतो. समोरच्या बर्थवर पुण्यात उतरणारे एक काका होते. त्यांनी जेवताना मास्क एका कानावर लटकवला आणि प्रत्येक घासानंतर परत लावला. बघून आम्हालाच धाप लागली.

शनिवार, ९ ऑक्टोबर

स्टेशनातून बाहेर पडलो की पूर्वी रिक्षावाले अंगावर यायचे. आज एकजण आला, तोही सावकाश. “कुठं जायचं, पावणं?” देवळाजवळ म्हटल्यावर त्याचा पुढचा प्रश्न भाड्याचा नव्हता. “पास काढलायसा न्हवं? न्हाई तर उगं हेलपाटा.”

पास काढला होता. देवस्थानानं यंदा दर्शनासाठी ऑनलाइन ई-पास ठेवलेत. तारीख निवडायची, तासाचा स्लॉट निवडायचा, नावं आणि ओळखपत्राचे नंबर भरायचे, आणि फोनवर येणारा पास दारात दाखवायचा. आम्हाला शनिवारचा अकरा ते बाराचा मिळाला. आईचं नाव मात्र पासात घातलं नाही. सरकारी सूचनेत ६५ वर्षांवरच्यांनी, गरोदर बायकांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी धार्मिक स्थळी येणं टाळावं असं म्हटलंय आणि आई आहे पंचाहत्तरीला टेकलेली. मी घरी तिला हे समजावून सांगायला बसलो, तर ती म्हणाली, “मला आत सोडा म्हणून कोण म्हणतंय? कळस दिसतो ना बाहेरून? मग झालं.” विषय तिनंच मिटवला.

लॉज ताराबाई रोडच्या आतल्या गल्लीत. मालक काउंटरवर एकटेच. मागे किल्ल्यांचा बोर्ड, आणि त्यावरच्या बहुतेक किल्ल्या जाग्यावर. नवरात्रातला शनिवार, तरी. “एरवी या आठवड्यात खोलीसाठी लोक ओळखी काढायचे. माझ्या मेव्हण्याच्या मेव्हण्याला मी मागच्या खेपेला नाही म्हणून सांगितलं होतं, अजून बोलत नाही तो,” मालक म्हणाले. मग यंदा काय झालं? देऊळ तर उघडलंय. त्यांनी रजिस्टर फिरवून माझ्यापुढे केलं. “पासावर वेळ असतीय. पुण्याचा माणूस पाचला गाडी काढतो, दहाला इथं, अकराला दर्शन, बाराला परत हायवेवर. राहायचं कशाला त्यानं?”

या एका वाक्यानं पुढचे सगळे दिवस मला शहर वाचायला शिकवलं. कोल्हापूर दर्शनावर चालत नाही. दर्शन दहा मिनिटांचं. कोल्हापूर चालतं ते दर्शन झाल्यावर माणूस जो रेंगाळतो त्यावर: महाद्वार रोडला चक्कर, गुजरीच्या सराफ पेठेत साज नुसता बघायचा म्हणून आत शिरणं, चप्पल लाइन, भवानी मंडप, दुपारी जेवण आणि आडवं होणं, संध्याकाळी रंकाळा, खासबागेला भेळ, रात्री तांबडा-पांढरा, आणि एवढं सगळं झाल्यावर आपोआप मुक्काम. पासानं वेळ नेमून दिली आणि हे रेंगाळणंच गेलं.

अकराला दहा कमी असताना आम्ही पोचलो. आईला महाद्वारासमोर एका बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं. दुकानदारानं न सांगता आतून स्टूल आणून दिलं. आत जायचा दरवाजा एक, बाहेर पडायचा दुसरा. देवळाला चार दिशांना चार दरवाजे आहेत, पण सगळे उघडे नाहीत. थर्मल गन कपाळाला, सॅनिटायझर हातावर, पायाखाली रंगवलेले गोल. पास स्कॅन करणारा मुलगा अदबीनं बोलत होता.

आणि दर्शन? खरं सांगतो, इतकं निवांत दर्शन मला आजवर मिळालं नव्हतं. नवरात्रात अंबाबाईची रोज वेगळ्या रूपातली पूजा बांधतात. एरवी त्या गर्दीत देवीचा मुखवटा दिसला-नाही दिसला तोवर मागून रेटा येतो. आज पुढे माणूस नाही, मागे माणूस नाही. डोळे भरून बघितलं, नमस्कार केला, पुन्हा बघितलं. गरुड मंडपाच्या लाकडी खांबांवरचं कोरीव काम यापूर्वी मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण तिथं कायम माणसांच्या पाठी असायच्या. मात्र जिच्यासाठी आलो ती बाहेर पायरीवर, आणि मी आत खांब न्याहाळतोय, हे काही मनाला पटेना. फोटो काढून तिला दाखवावा, तर आत फोटोला बंदी, आणि ती बंदी कोरोनाच्या आधीपासूनची.

बाहेर आलो तेव्हा आईचा दरबार भरला होता. बांगडीवाला, त्याच्या शेजारचा कुंकवाचा दुकानदार आणि समोर खण-नारळाची ओटी विकणाऱ्या एक बाई, असे तिघं तिला गाऱ्हाणी सांगत होते. कुंकवाच्या दुकानदाराचं म्हणणं असं, की ज्या दारातून लोकांना बाहेर काढतात तिथल्या दुकानांना थोडा तरी धंदा आहे, बंद दारापुढच्याला बोहणीची मारामार. चारी दरवाजे उघडा, पास बंद करा, एवढंच त्यांचं मागणं. बांगडीवाल्याला दक्षिणेकडच्या भाविकांची आठवण येत होती. तिरुपतीचं दर्शन कोल्हापूरला आल्याशिवाय पुरं होत नाही अशी तिकडच्या लोकांची श्रद्धा. तिरुपतीहून हरिप्रिया एक्सप्रेस थेट इथं येते आणि नवरात्रात तिरुमलाच्या देवस्थानाकडून अंबाबाईला शालू येतो. “तेलुगूत आकडे सगळे येतात मला,” तो म्हणाला. “दीड वर्षात एकदा पण म्हटलं नाही.”

ओटीवाल्या बाई सगळ्यात कमी बोलत होत्या. त्यांच्या हातगाडीवर खणांच्या घड्या एकावर एक रचलेल्या. वरच्या घडीची बाहेरची कड उन्हानं विटून गेलेली, आतली तशीच गर्द हिरवी. त्यामुळे एकाच खणाचे दोन रंग दिसत होते. वेण्या मात्र ताज्या, ओल्या फडक्याखाली झाकलेल्या. हार, नारळ, ओटी काहीच आत न्यायला परवानगी नाही. मग घेतं कोण? “घेत्यात की. हितनंच देवीला दाखवत्यात आन् घरला नेत्यात. पाचला येतो मी फुलं घिऊन. धा वाजंस्तवर खपली तर खपली, न्हाई तर गाईला.”

हिनं एक ओटी घेतली. घेतली खरी, पण द्यायची कुणाला? आईनं तोडगा काढला. हिनं त्या बाईंनाच स्टुलावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि महाद्वाराकडे तोंड करून त्यांचीच ओटी भरली. बाई आधी लाजल्या, मग मोठ्यानं हसल्या. “वर्सभर ओट्या इकतो, भरली आज कुणीतरी.” पैसे परत करायला लागल्या, ते आईनं घेऊ दिले नाहीत.

संध्याकाळी माझा मावसभाऊ आला. रंकाळवेशीला राहतो, आम्ही त्याला दादा म्हणतो. मी दुपारचं सगळं ऐकवलं, पासानं कसं वाटोळं केलं वगैरे. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, “जूनमध्ये आला असतास तर असं बोलला नसतास.” दुसऱ्या लाटेत कोल्हापूर जिल्हा शेवटपर्यंत धुमसत होता. बाकीचं राज्य मोकळं होत होतं, तरी ऑगस्टच्या सुरुवातीला ज्या अकरा जिल्ह्यांना सवलत मिळाली नाही, त्यांत कोल्हापूर होतं. त्याच्या गल्लीतल्या दोन घरांत माणसं गेली. त्याच जुलैत पंचगंगेला महापूर आला, हायवेवर पाणी आलं, वाहतूक बंद पडली. पुराच्या निवारा केंद्रात माणसं एकमेकांपासून लांब कशी बसवायची, ही चिंता त्याच्या मंडळाच्या पोरांना होती. दादाच्या मते रांगेला वेळ नेमून देणं बरोबरच आहे, फक्त दरवाजे कोणते उघडायचे हे दुकानं बघून ठरवायला हवं होतं. माझं मत त्यानं पुरतं बदललं नाही, पण आवाज खाली आणला.

रविवार, १० ऑक्टोबर

आज ललितापंचमी. अंबाबाई आपल्या सखीला, त्र्यंबोलीला, भेटायला टेंबलाईच्या टेकडीवर जाते आणि तिथं कोहळा फोडायचा विधी होतो. एरवी टेकडीवर पाय ठेवायला जागा नसते आणि कोहळ्याचा तुकडा मिळवायला झोंबाझोंबी होते. यंदा गर्दी करू नका असं सांगितलेलं, म्हणून वहिनी आणि आई लोकल केबलसमोर बसल्या, आणि आम्ही दादाच्या गाडीनं पन्हाळ्याला निघालो.

पन्हाळा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. गाडीनं थेट वर जायचं, तबक उद्यानापाशी लावायची आणि भजी खायची, ही आमची पिढीजात पद्धत. आता ते नाही. जुलैच्या अतिवृष्टीत चार दरवाज्याजवळचा मुख्य रस्ता खचला. आम्ही गाडी खाली ठेवून चढायला लागलो. खचलेली जागा लांबून दिसते: डांबराचा काळा पट्टा नीट चालत येतो आणि मधेच कापल्यासारखा संपतो, खाली तांबडी माती आणि दगडांचा लोट. कडेचं लोखंडी रेलिंग तेवढं हवेत लोंबकळत राहिलंय.

चढून गेल्यावर दम लागला म्हणून पहिल्याच चहाच्या टपरीवर टेकलो. टपरीवाल्यानं आमच्याकडं बघितलं, मास्ककडं बघितलं आणि स्वतःचा हनुवटीवरून वर घेतला. गिऱ्हाईक आम्ही तिघंच. “गडाचं पोट टुरिस्टवर,” तो म्हणाला. वर येणाऱ्याकडून नगरपरिषद प्रवासी कर घेते, त्यावर गावाची बरीच कामं चालतात. गाडीच वर येत नाही तर कर कुणाकडून घ्यायचा? “आधी रोगाची बंदी. ती उठंस्तवर रस्ता खचला. सिद्दी जौहरचा वेढा चार-पाच महिन्यांचा हुता. आमचा दीड वर्सं झाली, आन् विशाळगडाकडं जायाची बी सोय न्हाई.” स्वतःच्या विनोदावर तो हसला नाही. हा विनोद त्यानं बऱ्याच जणांना सांगून झाला असणार.

गड रिकामा होता. अंबरखान्याच्या गंगा-यमुना-सरस्वती या तीन कोठारांत आमच्या पावलांचा आवाज घुमत होता. धान्याचे हे कोठार बघताना पूर्वी नुसतं ‘बापरे, केवढं’ म्हणून पुढं जायचो. दीड वर्ष घरात किराणा साठवण्याचा अनुभव घेतल्यावर आता हिशेबच सुचतात: इतक्या माणसांना किती दिवस, उंदरांचं काय, वरून धान्य ओतायची भोकं आहेत ती पावसाळ्यात कशी बुजवत असतील. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंधारबाव असं ठरलेलं सगळं पाहिलं. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

जेवलो मात्र झकास. तीन दरवाज्याजवळ एका मावशींनी चुलीवरची भाकरी, झुणका, खर्डा आणि मडक्यातलं दही वाढलं. त्यांच्या रांगेत पूर्वी बऱ्याच चुली पेटायच्या, आज त्यांची आणि आणखी एकीची. बाकीच्या कुठे गेल्या? “उसाच्या लावणीला, भांगलणीला. काय जनी एमआयडीसीत.” मी विचारलं, परत येतील का? मावशींनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, “रस्ता आला की येतील. न्हाई आल्या तर माझं बरं.” खर्डा एवढा जहाल होता की हिनं दह्याची दुसरी वाटी मागितली, तिचे पैसे त्यांनी लावले नाहीत.

उतरताना गुडघ्यांनी तक्रार केली. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी: पायी चढल्यामुळे पन्हाळ्याची उंची पहिल्यांदा अंगाला कळली. पण हे माझ्यासारख्या एका दिवसाच्या पाहुण्यानं म्हणायला ठीक. गॅसचा सिलिंडर खांद्यावर आणणाऱ्या माणसाला जाऊन सांगायची माझी छाती नाही.

सोमवार, ११ ऑक्टोबर

महाराष्ट्र बंद. उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीत शेतकरी चिरडले गेले त्याच्या निषेधार्थ राज्यात सत्तेवर असलेल्या तिन्ही पक्षांनी पुकारलेला. निषेधाबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं, पण सहा महिन्यांनी, चार दिवसांपूर्वीच ज्यांचं देऊळ परत उघडलं, त्या महाद्वार रोडवरच्या लोकांची तोंडं बघण्यासारखी होती. शटर गुडघ्यापर्यंत वर, आतून माणूस वाकून बघतोय. एकजण म्हणाला, “ज्यांनी उघडा म्हणून सांगितलं, तेच आज बंद करा म्हणतायत. आम्ही काय दार हाय का?”

सकाळ मिसळीवर गेली. नवरात्रात कोल्हापूरला जाणं म्हणजे रश्श्याला मुकणं, कारण अर्ध्या घरांत सामिष बंद असतं आणि आमच्याबरोबर तर उपासाची आई. मिसळीनं कसर भरून काढली. टेबलाआड टेबलावर फुली मारलेली, कारण हॉटेलला निम्म्याच माणसांची परवानगी आणि रात्री दहाला बंद. दादा सांगत होता, खानावळवाल्यांना ते दहाचं फार जाचतं. कोल्हापूरचा माणूस नऊला जेवायला निघायचं का यावर विचार करायला लागतो. नऊला ऑर्डर बंद करायची म्हणजे त्याला उपाशी ठेवण्यासारखंच.

दुपारनंतर दुकानं हळूहळू उघडली तसे चप्पल लाइनला गेलो. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. वर्ष होतं न होतं तोच दुकानांना कुलूप. मी शिरलो त्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ मांडीवर फडकं घेऊन चपला पुसत होते. एकेक जोड उचलायचे, पट्ट्यावरून तेलाचा बोळा फिरवायचे, उलटा करून तळ बघायचे. “हे विकायचं काम नव्हे, हे जगवायचं काम,” म्हणाले. कातडं वनस्पतींच्या सालीत कमावलेलं, रसायनाचं नव्हे. ते पायात राहिलं तर वर्षानुवर्षं टिकतं, फळीवर पडून राहिलं तर आधी वाळतं, मग टोकं वर उचलतात. जुलैत हवेत इतकी ओल होती की बुरशी धरली. त्यांनी मला कापशी घाटाच्या चपलेचा एक जोड दाखवला. अंगठ्याची बाजू होडीसारखी वर वळलेली आणि वेणीच्या कडेला बुरशी पुसल्याचा पांढुरका डाग.

ऑनलाइन विकत नाही का? मुलगा विकतो, म्हणाले. पण गिऱ्हाईक फोटो बघून घेतो, नव्या कोल्हापुरीनं पाय चावला की लगेच परत पाठवतो. “दुकानात आला की मी त्याला सांगतो, आठ दिवस चावणार, तेल लाव, मग ती तुझी. हे मोबाईलवर कोण सांगणार?” मी जोड घेतला. तो वळलेला नव्हे, चांगला. वळलेल्याची किंमत त्यांनी सांगितलीच नाही. तो विकायचा नाही, कारागिराकडे सुभाषनगरला परत जाणार, म्हणाले.

संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो. म्हशी दारात, धार ग्लासात, फेसासकट. पैलवान पूर्वी इथं रांग लावायचे. कुस्त्यांची मैदानं भरत नाहीत म्हणून तालमींतली बाहेरगावची पोरं कधीच घरी गेलेली. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागचं मैदान १९१२ पासूनचं, त्याच्या दारावरून आम्ही गेलो तर आत चिटपाखरू नव्हतं. शेजारी भेळेच्या गाड्यांवर मात्र बऱ्यापैकी गर्दी. बंदचा दिवस होता, लोक दिवसभर घरात बसून कंटाळले होते. रोग, पूर, बंद काही असो, संध्याकाळ झाली की कोल्हापूरकर भेळ खायला येतोच.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

रात्रीची गाडी, दिवस मोकळा. आईची धाकटी बहीण निपाणीला असते. कोल्हापूरहून निपाणी म्हणजे कल्याणहून पनवेलला जाण्याइतकंच. पण मध्ये कोगनोळी आहे.

कागल ओलांडलं, दूधगंगेचा पूल गेला की कोगनोळीचा नाका. तिथून कर्नाटक. महाराष्ट्रात दोन डोसांचं सर्टिफिकेट असलं की बाहेरून येणाऱ्याला चाचणी लागत नाही. कर्नाटकात मात्र महाराष्ट्रातून येणाऱ्याकडे ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट लागतो, डोस कितीही झालेले असोत. तेव्हा मावशीनं कोल्हापूरला येणं सोपं, घरी परत जाणं अवघड. सीमाभागातले बरेच भाविक म्हणूनच यंदा अंबाबाईला आले नाहीत. जोतिबाला तर निम्मा कर्नाटक लोटतो, त्यांच्या बैलगाड्या आणि यात्रेत नाचवायच्या उंच सासनकाठ्या दोन वर्षांत दिसलेल्या नाहीत.

आम्ही भाड्याची गाडी केली होती. ड्रायव्हर कागलचा. त्यानं आधीच बजावलं, “नाक्यापतुर नेतो. पुढं तुमचं नशीब.” नाक्यावर पोलिसानं काचेतून आत बघितलं, कन्नड हेल काढत मराठीत विचारलं, “रिपोर्ट?” मी सर्टिफिकेटचा लॅमिनेट केलेला कागद पुढं केला. त्यानं तो दोन्ही बाजूंनी बघितला, छान आहे अशा अर्थी मान हलवली आणि गाडी वळवायची खूण केली. वाद घालण्यात अर्थ नव्हता, तो त्याची ड्यूटी करत होता.

गाडी वळवून कागलच्या बाजूला एका धाब्यावर थांबलो. आई काही बोलेना. मी मावशीला फोन लावला, तर तिचा नातू म्हणाला, “थांबा तिथंच, आलोच आम्ही.” कसं येणार, विचारायच्या आत फोन ठेवला. पाऊण तासानं मोटरसायकलवरून तो आणि मागे मावशी, मांडीवर डबा, तोंडाला पदर. गावातल्या वाटेनं आले होते. दोन्ही बाजूंची शिवारं एकमेकांत मिसळलेली, एका भावाचं रान महाराष्ट्रात तर दुसऱ्याचं कर्नाटकात. तिकडचा माणूस रोज इकडं एमआयडीसीत कामाला येतो, इकडचं दूध तिकडं जातं. ड्रायव्हर चहा पीत म्हणाला, “रोगाला बी हायवेनंच जायला लागतंय बघा. शेतातनं त्याला वाट ठावं न्हाई.”

दोघी बहिणी दीड वर्षानं भेटल्या. मिठी मारू की नको असं क्षणभर झालं, आणि मग मारलीच. डब्यात पुरणपोळ्या होत्या आणि वरून तिखटमिठाच्या शेंगा. उपास असल्यामुळे आईनं पोळ्या पिशवीत ठेवल्या आणि शेंगा पण उपासाला चालतात का यावर दोघींचा वाद सुरू झाला. तो तासभर चालला. मी आणि हिनं मधे पडायचा प्रयत्न केला नाही. तीनच्या सुमाराला नातवानं घड्याळ दाखवलं. परतीच्या वाटेवर कधी कोण उभं असेल सांगता येत नाही, उजेडात निघालेलं बरं, म्हणाला.

संध्याकाळी लॉज सोडताना मालकांनी बिलात एक दिवस कमीच लावला होता. मी लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, राहू दे, तुम्ही चार दिवस राहिलात हेच मला सगळ्यांना सांगता येईल.

ता. क., एप्रिल २०२२

हे टिपण तसंच पडून होतं. मध्ये ओमायक्रॉन आला, जानेवारीत गड-किल्ले आणि पर्यटनस्थळं पुन्हा बंद झाली, फेब्रुवारीत उघडली. १ एप्रिलपासून राज्यातले सगळे कोविड निर्बंध उठले, मास्कची सक्तीही गेली. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. जोतिबाची चैत्र यात्रा दोन वर्षांनी भरली.

यात्रेच्या दिवशी दादाला फोन केला. पाठीमागे हलग्या, ‘चांगभलं’ आणि हॉर्न. गुलाल डोळ्यात गेलाय, आवाज येत नाही, नंतर बोल, असं म्हणाला आणि तरीही दहा मिनिटं बोलला. ट्रॅफिक तुंबलंय, गाडी लावायला जागा नाही, बाहेरून येणाऱ्या लोकांना अजिबात शिस्त नाही, रंकाळ्याला भेळ मिळायला अर्धा तास लागतो, आणि त्याच्या ओळखीच्या कुणालाही लॉजवर खोली मिळेना. मी आमच्या त्या लॉजचं नाव सुचवलं. तो म्हणाला, तिथंच तर पहिल्यांदा विचारलं, मालक म्हणाले वशिला आणा.